म्युनिकहून न्योर्डलिंगन: एका दिवसाची निवांत सहल आणि शाकाहारी जेवण

इसारकाठ (प्रश्न)
पुढच्या महिन्यात आईबाबा म्युनिकला येत आहेत, वय 68 आणि 72. तटबंदीचं जुनं गाव दाखवायचंय, पण रोथेनबुर्गची गर्दी नको, म्हणून न्योर्डलिंगन मनात आहे. जाणं-येणं ट्रेननेच. दोघांना अंडं चालतं, मांस-मासे नाही. कुठल्या वारी जावं, तिकीट कोणतं काढावं, आईच्या गुडघ्यांना काय झेपेल आणि मेनूत काय टाळावं? जेवणाचीच काळजी जास्त आहे.

रूळमार्गे
मंगळवार ते गुरुवार यांतला दिवस धरा. सोमवारी तिथलं रीसक्राटर संग्रहालय बंद असतं, आणि बऱ्याच खानावळींची साप्ताहिक सुट्टीही सोमवारी नाहीतर मंगळवारी येते. दारावर ‘रूअटाग’ लिहिलेलं असतं. मंगळवारी जाणार असाल तर आदल्या दिवशी फोन करून विचारा.

तुम्हा तिघांना एकच बायर्न-तिकीट, म्हणजे बव्हेरिया राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांचं दिवसभराचं तिकीट, पुरतं. ते पाच जणांपर्यंत चालतं. कामाच्या दिवशी ते सकाळी 9 पासून लागू होतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासूनच. सगळ्यांची नावं तिकिटावर हवीत. आयसीई आणि आयसी या लांब पल्ल्याच्या जलद गाड्यांत ते चालत नाही. आउग्सबुर्गला जाणारी आयसीई समोर उभी दिसली की लोक चढतात आणि दंड भरतात. म्युनिक, आउग्सबुर्ग, डोनाउव्योर्थ, न्योर्डलिंगन असा मार्ग आहे, साधारण दोन तास. डोनाउव्योर्थला गाडी बदलताना वडीलधारी मंडळी सोबत असतील तर दहा मिनिटं तरी हातात ठेवा. काही प्रादेशिक गाड्या वाटेत दोन भागांत सुटतात, तेव्हा आपल्या डब्याच्या पाटीवरचं शेवटचं स्टेशन वाचूनच चढा.

वाटेत खिडकीतून हारबुर्गचा किल्ला दिसतो. तो खिडकीतूनच बघा. एका दिवसात दोन्ही कोंबलं तर निवांतपणा संपला.

तटाचा_दगड
स्टेशन गावाच्या पूर्वेला, तटाबाहेर आहे. डायनिंगर दरवाज्यातून आत शिरलात की दहा मिनिटांत मधल्या चर्चपाशी पोचता. रस्ते दगडी फरसबंदीचे आहेत, आईला जाड तळव्याचे बूट घालायला सांगा.

जर्मनीत ज्या तटावरून पूर्ण फेरी मारता येते असा हा एकमेव. फेरी साधारण पावणेतीन किलोमीटर, वर छप्पर, तिकीट नाही. पाच दरवाजे आहेत आणि दरवाज्यांपाशी वर जायला जिने. गुडघ्यांना त्रास होतो तो या जिन्यांचा, चालण्याचा नव्हे. म्हणून पूर्ण फेरीचा हट्ट नको: ल्योप्सिंगर दरवाज्याशी चढा, बाल्डिंगर दरवाज्याशी उतरा, तिथून एगर ओढ्याकाठच्या जुन्या चर्मकारवस्तीतून सपाटीने परत या. उंच माणसांनी डोकं सांभाळावं, तुळया खाली आहेत.

सेंट गेओर्ग चर्चचा मनोरा, ‘डानिएल’, 90 मीटर उंच, 350 पायऱ्या. आईला खाली बसू द्या, तुम्ही चढा. वरून लाल कौलांचं गोल गाव आणि त्याभोवती लांबवर टेकड्यांचं कडं दिसतं. ते कडं म्हणजे सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी अशनी आदळून झालेल्या, जवळपास 25 किलोमीटर रुंद विवराची कड. हे ज्वालामुखीचं काम नाही, आघाताचं आहे, हे 1960 मध्ये शूमेकर आणि चाओ या भूवैज्ञानिकांनी इथल्या दगडातल्या कोएसाइट या प्रचंड दाबाखाली बनणाऱ्या खनिजावरून दाखवलं. 1970 मध्ये अपोलो 14 चे अंतराळवीर इथे खडक ओळखायला शिकले. रीसक्राटर संग्रहालयात अपोलो 16 ने आणलेला चंद्राचा दगडही आहे. ज्यांनी लोणार पाहिलंय त्यांनी हे संग्रहालय अजिबात चुकवू नये.

चर्चच्या भिंतीला हात लावून जवळून बघा. राखाडी दगडात काळपट, काचेसारखे चपटे तुकडे अडकलेले दिसतील. आघाताच्या उष्णतेने वितळलेला हा खडक. भूवैज्ञानिक या तुकड्यांना ‘फ्लेडले’ म्हणतात. श्वाबियात, म्हणजे याच भागात, सूपमध्ये घालतात त्या धिरड्याच्या पट्ट्यांचं हे नाव. दगडात सूक्ष्म हिरेही आहेत, पण साध्या डोळ्यांना दिसत नाहीत, शोधत बसू नका.

पानात_काय
आधी वेळ सांभाळा. गावाकडच्या स्वयंपाकघरात गरम जेवण साधारण साडेअकरा ते दोन, मग थेट संध्याकाळी पाच-साडेपाचनंतर. तट फिरून अडीचला टेबलावर बसलात तर केकच मिळेल. पोचल्यावर आधी जेवा, मग फिरा.

मांस नावात नसतं, रश्श्यात असतं. खरी अडचण ती.

फ्लेडलेसूप: पट्ट्या शाकाहारी, पाणी गोमांसाचं. टाळा.
बटाट्याचं सॅलड: श्वाबियन पद्धतीत मेयोनेज नसतं, बटाटे गरम असतानाच त्यावर मांसाचा रस्सा ओततात. बाजूला निमूट येतं आणि घरचे लोक हमखास खातात. त्याऐवजी हिरवं सॅलड मागा.
मसूर आणि श्पेट्सले (अंड्याच्या पिठाचे उकडलेले गोळे): वरचं सॉसेज काढलं तरी मसूर बहुधा डुकराच्या चरबीच्या तुकड्यांत शिजलेले असतात.
माउलटाशन (सारण भरलेले पिठाचे चौकोन): भाजीचे मिळतात, पण रश्श्यातले नकोत. ‘गेश्मेल्त्स्ट’ म्हणजे वर लोणी-कांदा घातलेले मागा.
लाल कोबी: बऱ्याचदा चरबीत परततात. विचारा.

उरलं केझेश्पेट्सले, आणि तेच मागवावं. अंड्याच्या पिठाचे मऊ गोळे, चीज, वर परतलेला कांदा. ऑर्डर देताना ‘ओने श्पेक, ओने फ्लाइशब्र्यूए’, म्हणजे डुकराची चरबी नको, मांसाचा रस्सा नको, एवढं म्हणा. ‘वेगेटारिश?’ एवढ्याने भागत नाही, रस्सा बऱ्याच जणांच्या मोजणीत येत नाही. दोघांत एक ताट पुरेल, फार जड असतं. चीज जनावराच्या रेनेटचं (वासराच्या पोटातून काढलेल्या विरजणाचं) असू शकतं, हे आईबाबांना आधी सांगा आणि ठरवू द्या.

नुसतं ‘पाणी’ म्हटलं तर सोड्याचं, विकतचं येतं. ‘श्टिलेस वासर’, म्हणजे बिनसोड्याचं पाणी, म्हणा. रोख पैसे जवळ ठेवा.

इसारकाठ
मनापासून आभार. गुरुवार ठरवला. पुण्यात परतल्यावर आई श्पेट्सले करून बघेल का? तिथे त्याची किसणी मिळणार नाही.

पानात_काय
बुंदीचा झारा आहे ना, झालं काम. चौघांसाठी 400 ग्रॅम मैदा, 4 अंडी, चमचाभर मीठ, साधारण 150 मिली पाणी. लाकडी चमच्याने बुडबुडे येईतो फेटा, वीस मिनिटं झाका. चमचा उचलल्यावर पीठ जड होऊन सावकाश तुटून पडलं पाहिजे. पातळ झालं तर पाण्यात विरघळून खळ होते, घट्ट झालं तर भोकांतून उतरत नाही.

पाणी खळखळतं आणि खारट हवं. झारा पाण्यापासून वीतभर वर धरा. खाली नेला की वाफेने पीठ भोकांतच शिजतं आणि भोकं बुजतात. दर घाण्याला झारा गार पाण्यातून काढा. गोळे तरंगले की अर्ध्या मिनिटात उपसा. असे गोल झाले तर त्यांना ‘क्न्योप्फले’, म्हणजे बटणं, म्हणतात; चव तीच.

गरम असतानाच 250 ग्रॅम किसलेल्या चीजचे थर द्या, वर गोळे शिजवले त्यातलं दोन-तीन चमचे पाणी. गार गोळ्यांवर चीज घातलं तर गठ्ठा होतो. नुसतं मोझरेला ताणतं, चव देत नाही. मुरलेलं चेडर निम्मं तरी घ्या. तीन मोठे कांदे लोण्यात मंद आचेवर पंचवीस मिनिटं, तपकिरी होईपर्यंत. आच वाढवली तर कडू होतात.