अनुभव हवेत: सहा-साडेसहा लाखांत भरवशाची छोटी गाडी तुम्ही कशी निवडलीत?

कोयनाकाठ
कराड-पाटण रोडवर माझं रोजचं जाणंयेणं, घरी आम्ही दोघं, मुलगी नववीत आणि सासू-सासरे. आत्तापर्यंत दोन दुचाकींवर भागवलं पण आता सासऱ्यांना दर महिन्याला साताऱ्याला दवाखान्यात न्यावं लागतं आणि प्रत्येक वेळी भाड्याची गाडी शोधा, ड्रायव्हरची वेळ सांभाळा, याचा कंटाळा आलाय. हातात चार लाख आहेत, कर्ज धरून सहा, फार तर साडेसहा ऑन रोड, म्हणजे टॅक्स-विमा सगळं धरून. त्याच्या वर जाणार नाही हे आधीच सांगते, कारण ऑफिसात कुणालाही विचारलं की "अजून लाखभर टाका ना, वरचं मॉडेल येतंय" इथूनच सुरुवात होते. आमच्या घरात याआधी कुणाचीच गाडी नव्हती त्यामुळे सगळंच नवीन आहे. नवी की जुनी तेही ठरलेलं नाही. "डोळे झाकून अमुक घ्या" असं नका लिहू प्लीज, तुम्ही का घेतलीत, घेताना काय बघितलंत, नंतर खर्च कुठे निघाला ते लिहा.

चाकरमानी
ठाणे. वॅगन आर सीएनजी, २०१९ ला जे मोठं मॉडेल आलं त्यातली. आमच्याकडे निर्णय आईच्या गुडघ्यांनी घेतला. प्रत्येक शोरूमला आईला सोबत नेलं आणि स्वतः चालवायच्या आधी तिला बसायला-उतरायला लावलं, सेल्समन मायलेज सांगतोय आणि ही दार उघडतेय, बसतेय, उतरतेय. अल्टोत तिला खाली वाकून शिरावं लागत होतं, वॅगन आर १६७५ मिमी उंच आहे त्यामुळे सीट बरोबर कमरेच्या लेव्हलला येते. तुमच्या घरी दोन ज्येष्ठ आहेत तर ही टेस्ट कराच, ब्रोशरमध्ये हे कळत नाही.

सीएनजीबद्दल मात्र सावकाश विचार करा. डिकी ३४१ लिटर म्हणतात ती पेट्रोल मॉडेलची, सीएनजीत तिथे टाकी बसते आणि गणपतीला गुहागरला जाताना आमच्या बॅगा मांडीवर असतात. फुल माणसं आणि कुंभार्ली घाट असेल तर मी सरळ पेट्रोलवर टाकतो, गॅसवर ओढ कमी पडते. दर ३ वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाखाली तपासणी) करून सर्टिफिकेट घ्यावं लागतं हे कुणी आधी सांगत नाही. आणि कराडला पंपावर रांग किती असते, गॅस संपलाय असा बोर्ड कितीदा लागतो ते रोज जाणाऱ्या रिक्षावाल्याला विचारा. महिन्याला हजार किलोमीटरच्या आत फिरणं असेल तर सीएनजीचे जास्तीचे पैसे वसूल व्हायला बरीच वर्षं जातात.

स्पॅनर
सांगलीत गॅरेज हाय माझं, त्यामुळं थोडं लांबलं तर माफी.

जुनी घेणार असाल तर आमच्या भागात पयला प्रश्न पुराचा. २०१९ ला सांगली-कोल्हापूर बुडालं, २०२१ च्या जुलैला परत आम्ही बुडालो आणि चिपळूण-महाडबी गेलं. त्या गाड्या काय भंगारात गेल्या नाहीत सगळ्या. विमा कंपनीनं टोटल लॉस, म्हंजे दुरुस्तीला परवडत नाही, असं ठरवलेली गाडी लिलावात जाती, कुणीतरी घेतो, वायरिंग साफ करतो, सीटकव्हर नवीन टाकतो आणि लांबच्या जिल्ह्यात विकतो. म्हणून सीटबेल्ट पार शेवटापर्यंत ओढून बघायचा, तळाच्या पट्ट्यावर मातीचा डाग ऱ्हातोच. सीटच्या खालचे बोल्ट गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात कोपऱ्याला गाळ हाय का, कार्पेट उचलून वास घ्या. मालकानं गाडीत भारी परफ्यूम लावला असंल तर दोनदा वास घ्या.

दुसरं, जाताना सांगून जायचं की इंजिन गार ठेवा, मी आल्यावर चालू करायची. गेल्यावर बोनेटला हात लावायचा. गरम लागलं तर का चालू केली ते विचारा. गार गाडी एका सेल्फला लागली, सायलेन्सरमधनं निळा धूर नाही, ऑइलच्या झाकणाला आतनं साय धरल्यागत पांढरं नाही, एवढं बघितलं की निम्मं काम झालं. मीटरवर ३८ हजार आणि ब्रेकच्या पॅडलचं रबर झिजून गुळगुळीत, असं असंल तर मीटर मागं फिरवलाय. टायरवर चार आकडी नंबर असतो, २३२१ म्हंजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाची टायर बघा. गाडी २०२० ची आणि मूळ टायर २०१८ चे, मग गाडीची कथा वेगळी हाय.

आणि नवी घ्या नायतर जुनी, बंद सगळ्याच पडतात कधी ना कधी. पाटणला बंद पडली तर तिची क्लच प्लेट कराडात संध्याकाळपर्यंत मिळती का पुण्यासनं मागवायला दोन दिस जातात, हे बघा ताई. मी गिऱ्हाईकाला सांगतो, शोरूमला जायच्या आधी गावातल्या स्पेअर पार्टच्या दुकानात जावा, त्या मॉडेलचा हेडलाईट, क्लच सेट, पुढचा शॉक अॅब्सॉर्बर कितीला आणि हाय का विचारा. दुकानदार फळीवरनं काढून समोर ठेवतो का फोन लावतो, त्यात सगळं आलं.

वऱ्हाडी ठेचा
अकोला. टियागो पेट्रोल, २०२१. सगळे मायलेज अन् रिसेल यावरच बोलून राहिले, पण कराडहून साताऱ्याला म्हणजे हायवे आहे न भाऊ, मग धडक झाली तर काय होईल हे कोणी काहून नाही विचारत? आम्ही घेतली तेव्हा या बजेटात ग्लोबल एनकॅपचे (गाड्या धडकवून पाचपैकी स्टार देणारी संस्था) ४ स्टार असलेली हीच सापडली, २०२० ची टेस्ट होती ती. तेच २०२३ ला वॅगन आरला १ अन् अल्टो के१० ला २ मिळाले. डिकी २४२ लिटर, लहान आहे, ते आधीच माहीत होतं.

बाकी टेस्ट ड्राइव्ह मे महिन्यात दुपारी दोनला घेतली, बाहेर ४४-४५, पाच माणसं कोंबून, एसी फुल. सेल्समन म्हणे सकाळी या न सर. म्हटलं नाही, दुपारीच. सकाळी तर कोणत्याही गाडीचा एसी गार करते. अन् पाच माणसांत एसी लावून चढावर गाडी किती दमते तेही तेव्हाच समजते, लाखाचं काम आहे ते.

चाकरमानी
@वऱ्हाडी ठेचा, मान्य आहे. २०२५ पासून वॅगन आरला ६ एअरबॅग सगळ्या व्हेरिएंटला आल्यात पण एअरबॅग वाढल्या म्हणून सांगाडा बदलला असं होत नाही, हेही खरं. घाटात चाळिशीने जाणाऱ्याला आणि हायवेला शंभरने जाणाऱ्याला एकच सल्ला देता येत नाही. मागे बसणाऱ्यांनी पण बेल्ट लावायचा, आमचे बाबा अजून भांडतात त्यावरून.

जुनी ती सोन्याची
आमची मारुती ८०० अजून चालू आहे. पंधरा वर्षांनी पाच वर्षांसाठी रजिस्ट्रेशन वाढवून घेतलं, ग्रीन टॅक्स (जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर) भरला. एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, तक्रार पण नाही. कंपनीने २०१४ ला बनवणं बंद केलं तरी पार्ट अजून मिळतात. तुम्हाला घ्या म्हणत नाही, एवढंच सांगतो की गाडीत जितक्या वस्तू कमी तितक्या बिघडायला कमी.

डावा पाय
हिंजवडीला रोज जाते, क्लच दाबून दाबून डावा गुडघा दुखायला लागला म्हणून एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी, घेतली. आपल्याकडे स्वस्त गाडीत एएमटी पहिल्यांदा २०१४ ला सेलेरिओत आली, आता जवळजवळ सगळ्यांत मिळते. आतमध्ये गिअरबॉक्स मॅन्युअलचाच असतो, फक्त क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम मशीन करतं, त्यामुळे मायलेज पडत नाही आणि किंमत पण खऱ्या ऑटोमॅटिकपेक्षा कमी. पण ओव्हरटेक करताना गिअर बदलायला एक क्षण घेते आणि त्या क्षणी समोरून एसटी येत असते, सवय होईपर्यंत जीव वरखाली होतो. चढावर ट्रॅफिक असेल तर अॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवू नका, ब्रेक दाबा, नाहीतर क्लच जळतो आणि त्याचं बिल मॅन्युअलपेक्षा मोठं. हिल होल्ड (चढावर गाडी मागे घसरू न देणारी सोय) आहे का ते व्हेरिएंट बघून विचारा, खालच्यांना बऱ्याचदा नसतं. कराडसारख्या गावात, तेही पहिलीच गाडी, मी मॅन्युअल घेतली असती.

द्राक्षबागाईत
नाशिक. स्वस्तात मिळाली म्हणून जुनी डिझेल घेण्याआधी हे वाचा. कंपनीचं नाव घेत नाही. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ (धुराचे कडक नियम पाळणाऱ्या) डिझेलला सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात. तो स्वतःला साफ करतो पण त्यासाठी गाडी सलग वीसेक मिनिटं बऱ्यापैकी वेगात पळायला लागते. आमचं जाणं घर ते मळा, मळा ते शाळा, शाळा ते घर. फिल्टर चोंदतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो, गाडी ताकद सोडते, मग सर्व्हिस सेंटर. तिथला माणूस म्हणतो गाडी रविवारी हायवेला पळवून आणा. म्हणजे डिझेल वाचवायला घेतलेली गाडी डिझेल जाळायला कसारा घाटापर्यंत न्यायची. शेवटी विकली. आता पेट्रोल ग्रँड आय१०, चार सिलिंडरचं इंजिन आहे, शांत आहे, त्यावर काही लिहिण्यासारखंच नाही, आणि गाडी अशीच हवी.

कोटेशन
ऑन रोडचं गणित कुणीच लिहिलं नाही म्हणून. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर जीएसटी १८ टक्के झाला, आधी सेस धरून २९ होता. त्यामुळे जुन्या व्हिडिओतल्या किमती विसरा. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के रोड टॅक्स आहे, म्हणजे पाच लाखांच्या गाडीला ५५ हजार. सीएनजीला टॅक्स कमी आहे, तिथे थोडे वाचतात.

विम्यात थर्ड पार्टी (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर) ३ वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो, १००० सीसीपर्यंत ६,५२१ रुपये आणि त्यावर १५०० पर्यंत १०,६४०, त्यावर जीएसटी. हा आकडा सगळीकडे सारखाच, घासाघीस होते ती ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या, हप्त्यात. शोरूम सांगेल विमा आमच्याकडूनच घ्यायला लागतो, तसं काही नाही, बाहेरून कोटेशन काढून समोर ठेवलं की त्यांचंही खाली येतं. झिरो डेप (पार्ट जुना म्हणून क्लेमचे पैसे न कापणारं कव्हर) पहिली काही वर्षं घ्या. पुराच्या भागात असाल तर इंजिन प्रोटेक्ट पण घ्या, कारण पाण्यात बंद पडलेली गाडी परत सेल्फ मारून इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते बसत नाही. हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक असं काही कोटेशनमध्ये दिसलं तर "याची वेगळी पावती द्या" एवढंच म्हणायचं. आमच्या कोटेशनमधून ती ओळ लगेच गायब झाली.

साष्टीकार
मडगांव. आमच्याकडे पर्यटकांना स्वतः चालवायला देतात त्या गाड्यांच्या काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. दोन-तीन सीझन झाले की त्या विकायला निघतात, खाजगी करून पांढरी पाटी लावून. दिसायला चकाचक, पण रोज नवा माणूस, क्लचवर पाय ठेवून चालवणारा, बीचवर रेतीत घुसवणारा. आरसीचा (नोंदणी पुस्तकाचा) इतिहास बघा, आधी कमर्शियल होती का. किनाऱ्याकडची कुठलीही गाडी जॅकवर चढवून खालून बघायची, खाऱ्या हवेने दाराच्या खालच्या कडा आणि सायलेन्सर आधी जातात.

कोयनाकाठ
बाप रे, एवढं सगळं. सगळ्यांचे आभार. काल अहोंना घेऊन स्पेअर पार्टच्या दुकानात गेले, दुकानदार आधी हसला मग खरंच फळीवरून काढून दाखवलं. सासूबाईंना शोरूममध्ये नेलं, त्यांना वॅगन आर आणि टियागो दोन्हींत बसवलं, वॅगन आरमधून स्वतः उतरल्या, टियागोतून हात द्यावा लागला. अहो मात्र स्टार मोजतायत आणि टियागोवरच अडलेत. सीएनजी आम्ही सोडलं. आणि मध्येच एका ओळखीच्यांची २०१८ ची स्विफ्ट पेट्रोल आलीय, एकच मालक, नव्या गाडीपेक्षा बरीच स्वस्त. कर्ज कमी लागेल. घ्यावी का? ते ई-२० पेट्रोलचं काय असतं, जुन्या गाडीला चालत नाही म्हणतात?

स्पॅनर
ई-२० म्हंजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. त्यासाठी म्हणून बनवलेल्या गाड्या एप्रिल २०२३ पासनं आल्या. त्याआधीच्या लगेच बंद पडत न्हाईत, मायलेज थोडं कमी येतं, आणि जुन्या गाडीत पेट्रोलच्या रबरी नळ्या, सील वरचेवर बघायला लागतात. महिना महिना उभी ठेवू नका, चालती ठेवा.

स्विफ्टचं बघताना जुन्या गाडीच्या कर्जाला व्याज नव्यापेक्षा जास्त असतं, ते बँकेतनं लिहून घ्या आणि मगच स्वस्त का महाग ठरवा. वर चाळीस-पन्नास हजार बाजूला ठेवा, टायर, बॅटरी, क्लच ह्यातलं काय तरी पयल्या वर्षात निघतंच. त्यांचं जुनं कर्ज असंल तर आरसीवर बँकेचं नाव हाय का बघा, असलं तर बँकेची एनओसी (ना हरकत पत्र) आणि कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ हातात आल्याबिगर पैसे द्यायचे न्हाईत, ओळखीचे असले तरी. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही घ्या आणि नावावर होईस्तोवर पाठपुरावा करा, नायतर कागदावर गाडी त्यांचीच ऱ्हाती. त्यांनी मोडलेल्या सिग्नलचा दंड किती थकलाय ते गाडी नंबर टाकून आधीच बघून घ्या.

आणि सासूबाईंना स्विफ्टमध्ये बसवून बघा ताई, ती वॅगन आरएवढी उंच न्हाई. त्यातनं पटली तर आणा सांगलीला, लिफ्टवर घेऊन खालनं बघून देतो. येताना मालकालाच चालवायला लावा, तो गिअर कसा टाकतो ते बघत या. शनिवारी नको, गर्दी असती.