ट्रॅव्हल ट्रेलरच्या टायरमध्ये नायट्रोजन भरावा की साधी हवा?

प्रश्न
नमस्कार. आम्ही ह्यूस्टनजवळ राहतो आणि जूनमध्ये ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे ओढायचे फिरते घर) घेऊन कोलोरॅडोमार्गे यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाला जाण्याचा बेत आहे. ट्रेलरला एसटी (‘स्पेशल ट्रेलर’, म्हणजे खास ट्रेलरसाठीच्या) वर्गाचे, लोड रेंज (भार पेलण्याची श्रेणी) ई, ८० पीएसआयचे (पौंड प्रति चौरस इंच दाबाचे) टायर आहेत. नायट्रोजन भरल्यास उन्हात दाब वाढत नाही व टायर फुटण्याची भीती राहत नाही, असे टायरवाल्याचे म्हणणे आहे. मात्र तो प्रत्येक चाकाचे वेगळे पैसे मागतो. ते द्यावेत का? शिवाय वाटेत नायट्रोजन मिळाला नाही, तर साधी हवा मिसळलेली चालते का?

उत्तर १
मिसळलेली खुशाल चालते, कारण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. दाब वाढत नाही हा दावा मात्र निखालस चुकीचा आहे. तापमानाबरोबर कोरडी हवा आणि नायट्रोजन यांचा दाब सारख्याच प्रमाणात वाढतो. १५ अंश सेल्सिअसला ८० पीएसआय असलेला टायर ३८ अंशांवर सुमारे ८७ दाखवेल, मग आत काहीही भरलेले असो. फरक पडतो तो बाष्पामुळे, म्हणजे पंपाच्या टाकीतले पाणी नियमित काढले जात नसेल तर. टायर तापल्यावर वाढलेला दाब पाहून हवा काढण्याचा मोह मात्र टाळावा.

उत्तर २
नायट्रोजन अगदीच निरुपयोगी आहे असे नाही. तो रबरातून ऑक्सिजनपेक्षा सावकाश झिरपतो. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ने मोटारींचे टायर ३० पीएसआयला भरून वर्षभर तसेच ठेवले, तेव्हा हवेच्या टायरांचा दाब सरासरी ३.५ आणि नायट्रोजनच्या टायरांचा २.२ पीएसआयने उतरला. म्हणजे वर्षाकाठी सव्वा-दीड पीएसआयची बचत, आणि त्यासाठी एवढे पैसे! मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन ५ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा अमेरिकी नियम आहे. पण तो भयंकर तापलेल्या ब्रेकमुळे टायरच्या आत स्फोट होऊ नये म्हणून आहे. आपल्या ट्रेलरला ते कारण लागू होत नाही. फुकट मिळाला तर अवश्य घ्यावा.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. यलोस्टोनच्या उंचीचा दाबावर परिणाम होईल का?

उत्तर ३
होईल, आणि थंडीचाही होईल. उंचीवर बाहेरचा दाब घटल्याने गेज काहीसे जास्त दाखवते, तर पहाटेचा गारठा त्याहून अधिक उतरवतो. ह्यूस्टनला २७ अंशांत ८० भरलेला टायर ८,००० फुटांवर, २ अंशांच्या पहाटे, ७६ च्या आसपास दिसेल. तिथे निघण्यापूर्वी थंड टायरमध्ये साधी हवा भरून ८० करावे आणि खाली उतरल्यावर, टायर पुन्हा थंड असताना, तपासावे.

ट्रेलरचे टायर बहुधा कमी दाब आणि जादा वजन यांमुळे अतोनात तापून फुटतात. म्हणून नायट्रोजनचे पैसे चाकांचा दाब दाखवणाऱ्या टीपीएमएसवर खर्च करावेत, आणि पाण्याच्या टाक्यांसह पूर्ण भरलेला ट्रेलर ट्रक स्टॉपवरील काट्यावर तोलून घ्यावा. टायरच्या कडेवरील, ‘DOT’ अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंकही पाहावेत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. इतके जुने टायर, नक्षी कितीही शाबूत दिसली, तरी एवढ्या प्रवासाला नेऊ नयेत. अनेक एसटी टायरांची वेगमर्यादा ताशी ६५ मैल असते, तीही कडेवर तपासून घ्यावी. टेक्सासमधल्या ७५ च्या पाट्या आपल्या टायरांसाठी नसतात.