नर्सरीचे आगाऊ पैसे कसे भरावेत?

प्रश्न: मी इंग्लंडमध्ये दोन वर्षांच्या मुलीसह एकटी राहते आणि युनिव्हर्सल क्रेडिट हा सरकारी भत्ता घेते. पुढच्या महिन्यात नोकरीवर रुजू व्हायचे आहे. परंतु नर्सरी डिपॉझिट आणि पहिल्या महिन्याचे शुल्क आधीच मागते, पगार मात्र महिनाअखेरीस होणार. खात्यात ६२ पौंड आहेत. नर्सरीचा खर्च आधी भरा, मग युनिव्हर्सल क्रेडिटमधून परतावा घ्या, या नियमाने सुरुवात तरी कशी करावी?

उत्तर १: ताई, परतावा ८५ टक्क्यांपर्यंतच मिळतो, मात्र जून २०२३ पासून नोकरी सुरू करणाऱ्या किंवा कामाचे तास वाढवणाऱ्या पालकांना पहिल्या महिन्याचा खर्च आगाऊ मिळू शकतो. नोकरीचे पत्र आणि नर्सरीचे बिल हाती येताच वर्क कोचला (रोजगार केंद्रातील तुमच्या अधिकाऱ्याला) युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन जर्नलमध्येच लिहा. फोनवरचे बोलणे पुढे कोणाला आठवत नाही, हा माझा अनुभव. मागणी करताना ‘फ्लेक्झिबल सपोर्ट फंड’ हे सरकारी मदतनिधीचे नाव नेमके वापरा, कारण ती रक्कम फेडावी लागत नाही. बजेटिंग ॲडव्हान्स (युनिव्हर्सल क्रेडिटमधून मिळणारी उचल) मात्र कर्जच आहे.

उत्तर २: सप्टेंबर २०२५ पासून नऊ महिन्यांपुढील मुलांच्या नोकरदार पालकांना वर्षातील ३८ आठवडे, आठवड्याला ३० तास अनुदानित बालसंगोपन मिळू शकते. त्यासाठी नर्सरीला द्यायचा सरकारी कोड सत्र सुरू होण्यापूर्वी काढावा लागतो. टॅक्स-फ्री चाइल्डकेअर या दुसऱ्या सरकारी योजनेचा अर्ज मात्र चुकूनही करू नका. ती योजना आणि युनिव्हर्सल क्रेडिट एकाच वेळी घेता येत नाहीत.

प्रश्नकर्ती: आभारी आहे. जर्नलमध्ये आत्ताच लिहिले. बिलासाठी सकाळी नर्सरीत जाते.