मदत हवी आहे: आयपॉडला खिशातला हेडफोन अँप (आवाज वाढवणारा छोटा अँप्लिफायर) जोडला तर आवाज खरंच सुधारतो का?

कानसेन_पुणे

नमस्कार मंडळी,

दादा मागच्या वर्षी कॅनडाला गेला. जाताना कपाट आवरता आवरता त्याचा १६० जीबीचा आयपॉड क्लासिक माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "यातलं काही पुसलंस तर बघ." आत नऊएक हजार ट्रॅक आहेत. निम्मं शास्त्रीय, तेही दुकानातल्या सीडीवरचं कमी आणि घरगुती बैठकांचं जास्त. रेडिओवरून कॅसेटवर, कॅसेटवरून कॉम्प्युटरवर असा प्रवास करून आलेलं.

दुसरीकडे मामेभाऊ डबिंग स्टुडिओत काम करतो. तिथे नवे हेडफोन आले म्हणून त्याने जुना बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो मला दिला. जुन्या टेलिफोनच्या रिसीव्हरसारखी गुंडाळीदार वायर, मखमली गाद्या, तीन तास घातला तरी कान दुखत नाहीत.

दोन्ही जोडले आणि निराशा झाली. चाक शेवटपर्यंत फिरवलं तरी आवाज मिळमिळीत. तबल्याचा बायां घुमत नाही, तानपुरा शेजारच्या बिऱ्हाडात वाजतोय असं वाटतं. कानात घालायच्या साध्या इअरफोनवर हेच ट्रॅक बरे ऐकू येतात.

दुकानात चौकशी केली तर त्याने एक छोटा अँप दाखवला आणि म्हणाला, "साहेब, कानावरचे दोन पडदे बाजूला झाल्यासारखं वाटेल." बजेट सहा हजार. पडदे खरंच बाजूला होतात, की नुसता आवाज मोठा होतो? आणि घेतलाच तर इअरफोनलाही उपयोग होईल का?

तारषड्ज

डोळे मिटून घ्या. मी पाच वर्षांपूर्वी घेतला आणि तेव्हापासून अँपशिवाय ऐकवत नाही. खर्ज भरतो, स्टेज मोठं होतं (वाद्यं ऐसपैस पसरल्यासारखी वाटतात), सारंगीची गजफेक वेगळी कळते. हा अनुभव आहे, आकडेमोडीत पडू नका.

अर्धवट_अभियंता

मी आकडेमोडीतच पडणार आहे, माफ करा. :)

कानसेन, डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम (हे विजेला होणाऱ्या रोधाचं माप) अशा तीन प्रकारांत मिळतो. गुंडाळीदार वायर म्हणजे तुमचा बहुतेक २५० वाला. स्टुडिओतल्या मोठ्या मिक्सरला जोडण्यासाठी तो ठीक, पण खिशातल्या प्लेअरला जड जातो. कारण सोपं आहे. सोसायटीची टाकी कमी उंचीवर असली की तळमजल्यावर नळ धो धो वाहतो आणि तिसऱ्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते. पाणी तेच, दाब कमी. तुमचे इअरफोन तळमजल्यावर आहेत, डीटी ७७० तिसऱ्या मजल्यावर.

आता हिशेब. कंपनी सांगते की १ मिलिवॉट दिला की हा हेडफोन ९६ डेसिबल देतो. समजा प्लेअरमधून जास्तीत जास्त १ व्होल्ट मिळतो. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम, म्हणजे १ भागिले २५०, झाले ४ मिलिवॉट. चौपट शक्ती म्हणजे ६ डेसिबल जास्त, तेव्हा १०२. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण हे शिखर झालं. शास्त्रीय गाण्यात सरासरी पातळी शिखराच्या १५-२० डेसिबल खाली सहज असते, म्हणजे ८२ ते ८७ उरले. आणि रेकॉर्डिंग मुळातच हळू आवाजात झालं असेल तर त्याहून खाली.

३ व्होल्ट देणारा अँप लावला तर ३६ मिलिवॉट होतात, म्हणजे साधारण १११ डेसिबल. जवळपास साडेनऊ डेसिबलची जागा मिळाली. अँपचं काम एवढंच.

बायां का घुमत नाही, तेही यातच आलं. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून आलेख काढले होते. आवाज वाढला की बायां आपोआप परत येतो आणि माणूस म्हणतो, अँपने बेस सुधारला.

तारषड्ज

म्हणजे मी पाच वर्षं भ्रमात आहे?

अर्धवट_अभियंता

तसं म्हणत नाही हो. पण अँप लावून आणि काढून ऐकताना दोन्ही वेळा आवाज अगदी सारखा ठेवला होतात का? अर्धा डेसिबल जास्त असला तरी कानाला तो "मोठा" वाटत नाही, "चांगला" वाटतो. विक्रेत्यांना हे आपल्याआधीपासून माहीत आहे.

एक खरा अपवाद मात्र आहे. प्लेअरचा स्वतःचा आउटपुट रोध जास्त असेल आणि इअरफोन बरेच ड्रायव्हरवाले (आत अनेक छोटे स्पीकर असलेले), कमी ओहमचे असतील, तर स्वरांचा तोल खरोखर बदलतो. प्लेअरचा रोध इअरफोनच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असावा, असा ठोकताळा आहे. तिथे चांगला अँप फरक पाडतो, आणि तो मोजताही येतो.

सोल्डरबाबा

आमच्या आवडीचा धागा! वाचनखूण साठवली.

दोन गोष्टी. पहिली, अँप हेडफोनच्या भोकातून जोडू नका. तिथे आयपॉडच्या आतल्या अँपने आधीच हात फिरवलेला असतो. त्यावर पुन्हा अँप म्हणजे सकाळचा चहा संध्याकाळी परत उकळणे. आयपॉडच्या बुडाला ती रुंद ३० पिनांची खाच आहे ना, तिच्यात लाइन-आउट, म्हणजे आतला अँप टाळून थेट येणारा सिग्नल, मिळतो. त्याची आखूड वायर घ्या. मग आयपॉडचं चाक बिनकामाचं होतं आणि आवाज अँपच्या बटणावर येतो.

दुसरी, सहा हजार कशाला? मी चू मॉय यांच्या घरी बनवता येणाऱ्या अँपच्या आराखड्यावरून खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डब्यात अँप बसवलाय. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एक ऑपअँप (सिग्नल वाढवणारी चिप), चार-दोन रेझिस्टर, सगळं तपकीर गल्लीत मिळालं. मूळ आराखड्यात आवाज ११ पट वाढतो. इअरफोन लावला की चूल पेटवल्यासारखा "सुऽऽऽ" यायचा, म्हणून मी ३ पटीवर आणला. मोबाईल शेजारी ठेवला की कॉल येण्याआधी टिर्र-टिर्र होतं, तेवढं सोडलं तर झकास. पुण्यातच असाल तर घेऊन जा, ऐकून परत द्या.

मंजिरी_के

खरेदीच्या आधी एक शंका. आयपॉड दादाचा आहे म्हणताय, तर सेटिंग्जमध्ये व्हॉल्यूम लिमिट बघितलंत का? लहान मुलांच्या हातात द्यायचा म्हणून लोक ते लावून ठेवतात आणि विसरतात. साउंड चेक (सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय) आणि इक्वलायझरही बंद आहेत का बघा. आमच्याकडे सहा महिने "हेडफोन बिघडला" म्हणून बोंब होती. हेडफोन ठणठणीत होता.

अर्धवट_अभियंता

अरे देवा. हा प्रश्न मी आधी विचारायला हवा होता. +१

कानसेन_पुणे

मंजिरीताई, साष्टांग नमस्कार!

लिमिट अर्ध्याच्या जरा पुढे होतं आणि त्याला चार आकडी कुलूप. दादाला विचारलं तर त्यालाच आठवेना. पुतणीसाठी लावलं होतं, एवढंच म्हणाला. त्याचा वाढदिवस झाला, लग्नाची तारीख झाली, आईचं जन्मसाल झालं. शेवटी त्याच्या पहिल्या स्कूटरचा नंबर टाकला आणि उघडलं. साउंड चेकही चालू होतं, ते बंद केलं.

निम्म्याहून जास्त दुखणं गेलं. सीडीवरून घेतलेले ट्रॅक डीटी ७७० वर पोटभर वाजतात, पूर्ण चाक फिरवावंही लागत नाही. पण घरगुती बैठकांची रेकॉर्डिंग अजून हळूच आहेत.

सोल्डरबाबा

मग लाइन-आउटची गंमत आता लक्षात घ्या. ती वायर व्हॉल्यूम लिमिटला बगल देते. लिमिट न काढता तुम्ही माझा डबा जोडला असता, तर इथे येऊन "पडदे उघडले हो" असं लिहिलं असतंत आणि मी कॉलर ताठ केली असती.

मंजिरी_के

हळू रेकॉर्डिंगसाठी एमपी३गेन वापरून बघा. फुकट आहे. एमपी३ फाइल पुन्हा एन्कोड न करता दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी आवाज वाढवतं, नंतर उलटंही फिरवता येतं. आधी प्रत काढून ठेवा मात्र, दादा दूर असला तरी दादा आहे.

कानसेन_पुणे

रविवारचा अहवाल.

सोल्डरबाबांकडून डबा आणि वायर आणली. (चहा आणि साबुदाणा वडाही मिळाला. काकूंना धन्यवाद सांगा.) अभियंता साहेबांनी व्यक्तिगत निरोपातून सांगितल्याप्रमाणे आयपॉडवर १०० हर्ट्झचा सूर वाजवला, मल्टिमीटर एसीवर ठेवून हेडफोन जोडलेला असतानाच व्होल्टेज मोजलं आणि अँपचं बटण फिरवून दोन्हीकडे एक टक्क्याच्या आत सारखं केलं. बायकोने नाणं उडवून माझ्या पाठीमागे वायरी बदलल्या. बदलायला दोन्ही वेळा सारखाच वेळ घे, असं तिला बजावलं होतं. त्यावर मिळालेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

इअरफोनवर दहापैकी ५ वेळा बरोबर ओळखलं. डीटी ७७० वर, सीडीवरचा ट्रॅक, मध्यम आवाज: दहापैकी ६. म्हणजे नाण्याने माझ्याइतकंच ओळखलं असतं.

आता बैठकांची गोष्ट. एमपी३गेनने काही ट्रॅक सुधारले, पण बऱ्याच ठिकाणी ते अडतं. गाणं हळू आहे, आणि मायक्रोफोनशेजारी बसलेल्या गृहस्थांची "वाऽहवा!" आणि खोकला मात्र शिखरावर टेकलेला. फाइल वाढवायची तर ती वाहवा फाटते. इथे डब्याने कमाल केली. आवाज वर नेला, गाणं समोर आलं, बायां घुमला, तानपुरा आमच्याच घरात आला. काहीही फाटलं नाही.

अर्धवट_अभियंता

व्वा, इतक्या शिस्तीत चाचणी करणारे फार भेटत नाहीत. दहापैकी ९ आले असते तर मी मान्य केलं असतं, कारण नुसत्या नशिबाने ९ किंवा जास्त येण्याची शक्यता शंभरात एक आहे. ६ म्हणजे काहीच नाही.

फाइल वाढवायला छत असतं, कारण डिजिटलमध्ये पूर्ण शंभराच्या वर आकडाच नाही. अँप नंतर वाढवतो, म्हणून त्याच्याकडे जागा उरते. पण जपा. गाणं ८० वर आणलंत तर ते वाहवावाले गृहस्थ कानात थेट १०० च्या वर ओरडणार. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब मोठ्यांसाठी ८० डेसिबल, आठवड्याला ४० तास असा आहे, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो.

तारषड्ज

मीही काल सारखा आवाज ठेवून ऐकलं. निकाल सांगणार नाही. अँप मात्र विकणार नाही, दिसायला फार सुंदर आहे.

कानसेन_पुणे

हाहा, तारषड्जजी, विकायचा झाला तर मला आधी सांगा.

तर ठरवलंय. इअरफोन थेट. डीटी ७७० वर सीडीचे ट्रॅक थेट. बैठकांसाठी ३ पटीच्या आसपास वाढवणारा साधासा वापरलेला अँप बघतो, दोन हजारांच्या आत. सोल्डरबाबा, तोवर डबा आणखी आठवडाभर ठेवू का? आणि तुमच्यासारखी ३० पिनवाली वायर पुण्यात कुठे मिळेल?

सोल्डरबाबा

महिनाभर ठेवा, बॅटऱ्या तुमच्या. वायर हल्ली दुकानात मिळणं कठीण. आयपॉडची तुटकी चार्जिंग वायर घरात असेल तर घेऊन या, तिचा कनेक्टर उघडून लाइन-आउटच्या पिना असल्या तर जोडून देतो. वडे या वेळी तुमच्याकडून.