शब्दचर्चा : ‘कायद्याचे राज्य’ की ‘कायद्याने राज्य’?
(प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पत्रक
संविधान दिनासाठी (२६ नोव्हेंबर) करवीर तालुक्यातल्या शाळांत नववीच्या मुलांना एक पानी पत्रक द्यायचं आहे. तेच गावागावांत चावडीवरही लागेल. मथळ्यासाठी तीन शब्द सुचवले गेलेत : ‘कायद्याचे राज्य’, ‘विधिराज्य’ आणि ‘कायदा व सुव्यवस्था’. तिन्ही एकच, असं काहींचं म्हणणं. ते पटत नाही, पण फरक नववीतल्या मुलाला कळेल असा कसा मांडावा? दुसरी अडचण म्हणजे ‘कायद्याचे राज्य’ म्हटलं की मुलं पोलीस, दंड, तुरुंग एवढंच सांगतात. शब्दातच काही गोम आहे का?

षष्ठी
गोम विभक्तीत आहे. ‘कायद्याने राज्य’ ही तृतीया. इथं राज्य करणारा कुणी वेगळाच असतो आणि कायदा हे त्याच्या हातातलं साधन. ‘कायद्याचे राज्य’ ही षष्ठी, ‘पेशव्यांचे राज्य’ म्हणतो तशी. इथं सत्ता कायद्याचीच, आणि खुर्चीवर बसलेला माणूसही त्याची प्रजा.

उदाहरण रौलेट कायद्याचं द्या. १९१९ मध्ये तो रीतसर विधिमंडळात मंजूर झाला होता, छापला गेला होता, त्याला कलमं होती. पण खटला न चालवता माणसाला डांबून ठेवायची मुभा त्यानं सरकारला दिली. म्हणजे कायद्याने राज्य चाललं होतं, कायद्याचं नव्हे. मुलांना हा फरक एका प्रत्ययात दिसतो, व्याख्या पाठ करावी लागत नाही.

‘कायदा व सुव्यवस्था’ मथळ्यात अजिबात नको. तो पोलिसांच्या कामाचा शब्द आहे. संचारबंदीत रस्ते शांत असतात, सुव्यवस्था पुरेपूर असते, तरी त्या दिवशी कुणाला कशासाठी उचललं याचा जाब कुणी कुणाला विचारू शकतं का, हा प्रश्न वेगळाच उरतो. त्या प्रश्नाचं नाव ‘कायद्याचे राज्य’.

आणि मुलांनी पोलीस-तुरुंग सांगणं साहजिक आहे. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे शिकवण. हिंदीत आजही तोच अर्थ चालतो. मराठीत तो ‘शिक्षण’ या शब्दानं उचलला आणि ‘शिक्षा’ फक्त दंडासाठी उरली. आपली बहुतेक कायदेविषयक व्याख्यानंही तशीच होतात : अमुक कलम, तमुक वर्षं, इतके हजार दंड. शिक्षण म्हणून सुरू होतात, शिक्षेची यादी होऊन संपतात.

चावडी
‘विधिराज्य’ला माझा ठाम विरोध. सरकारी परिभाषेत ‘विधी’ म्हणजे कायदा, म्हणून विधिमंडळ, विधेयक, विधी सेवा प्राधिकरण. पण गावात विधी म्हणजे लग्नाचे विधी, दहाव्याचे विधी. ‘तालुका विधी सेवा समिती’ ही पाटी वाचून इथं वकील फुकट मिळतो, असं कुणाच्या मनात येईल? ज्याला सगळ्यात जास्त गरज तोच पाटीखालून निघून जातो. पत्रकात संस्थेचं नाव जसंच्या तसं लिहा, पण त्याखाली ठळक अक्षरांत ‘मोफत वकील आणि सल्ला’ असं लिहा.

अजून एक. ‘कायदेशीर शिबिर’ असं छापू नका, हे फार वेळा होतं. ‘-शीर’ म्हणजे त्याला धरून असलेलं. कायदेशीर शिबिर म्हणजे बेकायदा नसलेलं शिबिर! ‘कायदेविषयक’ लिहा, नाहीतर सरळ ‘कायद्याची माहिती’.

भोज्जा
षष्ठी-तृतीया बरोबर आहे, पण व्याकरणाच्या तासाला मुलं पेंगतात. ‘राज्य’ हा शब्द मुलांच्या तोंडी रोज असतो, तो घ्या. लपाछपीत ‘कुणावर राज्य आलं?’ असं आपण विचारतो. ज्याच्यावर राज्य, तोच सगळ्यात जास्त बांधलेला. त्यानंच डोळे मिटायचे, ठरलेल्या आकड्यापर्यंत त्यानंच मोजायचं, मधेच डोळे किलकिले करायचे नाहीत. बाकीचे कुठंही लपायला मोकळे. मराठीनं राज्याचा अर्थ पोरांच्या खेळात इतका नेमका जपून ठेवलाय, आणि आपण फळ्यावर परकी व्याख्या लिहीत बसतो.

चाळीस मिनिटांच्या तासिकेत हे असं बसतं. पहिली दहा मिनिटं पाच-सहा जणांच्या गटांनी लपाछपीचे किंवा कबड्डीचे नियम कागदावर लिहायचे, जास्तीत जास्त आठ. मग शिक्षकांनी प्रत्येक नियमापुढं एकच प्रश्न लिहायला लावायचा : हा कुणाला बांधतो? राज्य असलेल्याला, लपणाऱ्याला की दोघांना? पुढची दहा मिनिटं याच्यावर बोलू द्या. पुढं एक गडबड मुद्दाम करा. एका गटाला सांगा की आत्ताच नियम बदलला आणि मघाशी जो भोज्ज्याला हात लावून सुटला, तो नव्या नियमानं बाद. वर्गातून ‘रडीचा डाव!’ अशी आरोळी उठते. ती उठली की संविधानाचा अनुच्छेद २०(१) सांगा : कृत्य घडलं तेव्हा जो कायदा लागू नव्हता, त्याखाली कुणाला दोषी ठरवता येत नाही. आधी आरोळी, मग अनुच्छेद. क्रम उलटा केला तर मुलं वहीत लिहून घेतात आणि विसरतात. उरलेला वेळ एका खऱ्या कागदाला द्या, ग्रामसभेची नोटीस चालेल.

हमखास बिघडतं ते एका जागी. शिक्षक स्वतः निकाल देऊन मोकळे होतात. वाद मुलांनीच नेमलेल्या पंचाकडं जाऊ द्या, आणि पंचानं निकालासोबत कारण सांगायलाच हवं अशी अट घाला. कारणाशिवाय निकाल म्हणजे ‘हम करे सो कायदा’.

षष्ठी
भोज्जा, उपमा सुंदर आहे, एक खबरदारी मात्र घ्या. खेळात राज्य हरणाऱ्यावर येतं, म्हणून ते ओझं वाटतं. खऱ्या सत्तेसाठी लोक धडपडतात. हा फरक मुलांसमोर स्वतःहून मांडा, नाहीतर एखादं हुशार पोर विचारेलच.

डेसिबल
‘कायदा’ आणि ‘नियम’ यांची गल्लतही पत्रकात मिटवा. ‘तो कायदा नाही, नुसता नियम आहे’ असं सर्रास ऐकू येतं. विधिमंडळ किंवा संसद करते तो अधिनियम. त्या अधिनियमानं दिलेल्या अधिकारात सरकार करतं ते नियम. अधिवेशन चालू नसताना निघतो तो अध्यादेश, जुना शब्द वटहुकूम. सहकारी संस्था स्वतःसाठी करते ते उपविधी. शासन निर्णय, म्हणजे जीआर, हा प्रशासनाचा आदेश असतो, तो अधिनियमाच्या विरुद्ध जाऊ शकत नाही.

कोल्हापुरात सगळ्यांना कळेल असं उदाहरण डॉल्बीचं. (कुठल्याही मोठ्या आवाजाच्या भिंतीला आपण डॉल्बीच म्हणतो, त्यामुळं पत्रकातही तोच शब्द राहू द्या.) ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम हे पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ खाली झालेले ‘नियम’च आहेत आणि पूर्ण बंधनकारक आहेत. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. रात्र म्हणजे दहा ते सहा. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग सरकारला शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो.

आता खरा मुद्दा. सणासुदीला रात्री दहा ते बारा सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, पण वर्षभरात मिळून जास्तीत जास्त १५ दिवस. सोळावा दिवस सरकारही देऊ शकत नाही. मंडळांवरचं बंधन सगळ्यांना ठाऊक असतं. सरकारवरचं हे बंधन पत्रकात लिहा. षष्ठी म्हणतात ती षष्ठी विभक्ती या सोळाव्या दिवसात आहे.

मोडीवाचक
कोल्हापुरात हा विषय राजर्षी शाहू महाराजांशिवाय कसा होईल? २६ जुलै १९०२ चा आदेश मुलांना दाखवा : रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांसाठी. ५० टक्के सगळ्यांना पाठ असतं. पण आदेशाची बांधणी बघा. तो करवीर सरकारच्या गॅझेटात छापला गेला. मागासवर्ग म्हणजे कोण, हे त्यात सांगितलं. आणि अंमल कितपत झाला ते कळावं म्हणून खातेप्रमुखांनी दर तिमाहीला तक्ता पाठवायचा, असंही त्यातच लिहिलं. छापील, सगळ्यांना कळेल असं, व्याख्येसह आणि आपल्याच अधिकाऱ्यांना हिशेबाला बांधणारं. आज ‘चांगला कायदा कसा ओळखावा’ शिकवायला याहून जवळचं उदाहरण नाही.

तरीही तो हुजूर हुकूमच होता. राजानं तो मागं घेतला असता तर प्रजेला दाद मागायला जागा नव्हती. महाराजांबद्दल पूर्ण आदर ठेवून हे सांगता येतं आणि सांगावं. राजा न्यायी असणं वेगळं आणि न्याय राजाच्या मर्जीवर नसणं वेगळं.

पायरी
पत्रकाच्या मागच्या बाजूला शब्दांच्या जोड्या द्या. वर्तमानपत्र वाचणाऱ्या मोठ्या माणसांचाही गोंधळ होतो. ‘आरोपी’ म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो. ‘गुन्हेगार’ न्यायालयानं दोषी ठरवल्यावर. ‘गुन्हा दाखल झाला’ याचा अर्थ पोलिसांनी माहिती नोंदवून घेतली, गुन्हा शाबीत झाला असा नव्हे. पोलीस कोठडीत माणूस चौकशीसाठी पोलिसांकडं असतो, न्यायालयीन कोठडीत कारागृहात. ‘जामीन’ मुळात माणूस, हमी घेणारा. ‘मी त्याला जामीन राहतो’ या वाक्यात तो अर्थ अजून जिवंत आहे. म्हणून जामीन मिळणं म्हणजे निर्दोष सुटणं नाही, खटला चालूच असतो.

‘फिर्याद’ फारसीतून आला, मूळ अर्थ आक्रोश. ‘दाद’ही फारसी, अर्थ न्याय. आक्रोश कुठं करायचा आणि दाद कुठं मागायची, याची वाट पत्रकात पायरी-पायरीनं द्या. नुसतं ‘न्याय मागा’ लिहून काही होत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाचा कायदा, १ जुलै २०२४ पासून लागू) कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, माहिती हद्दीबाहेरच्या ठाण्यातही देता येते. नोंदीची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. ठाण्यानं नोंद नाकारली तर लेखी मजकूर टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवायचा. तिथंही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडं अर्ज. अटक झालीच तर कारण सांगणं, वकिलाला भेटू देणं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणं हे अनुच्छेद २२ नं बंधनकारक केलंय. ही वाक्यं पत्रकात कर्त्यासकट लिहा : ‘पोलिसांनी हजर केलं पाहिजे’. ‘हजर केलं जावं’ असं लिहिलं की बांधलेला माणूस वाक्यातून गायब होतो.

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण चावडीवर कुणीतरी काढणारच. तिला हसू नका. ती खर्चाच्या आणि वर्षानुवर्षं लागणाऱ्या तारखांच्या अनुभवातून आली आहे. उत्तर म्हणून ठोस माहिती द्या : स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातींतले लोक, दिव्यांग आणि कोठडीत असलेली माणसं यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० वर फोन करता येतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि दाव्यात भरलेलं न्यायालय शुल्क परत मिळतं. अपील नाही, हे आधीच सांगा. नाहीतर पुढं फसवल्यासारखं वाटतं.

पत्रक
खूप कामाचं मिळालं. एक उपप्रश्न : १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं कामकाज सुरू झालं. त्याला ‘खंडपीठ’ लिहावं की ‘सर्किट बेंच’?

पायरी
‘सर्किट बेंच’च लिहा. राज्य पुनर्रचना अधिनियम, १९५६ च्या कलम ५१ मध्ये दोन वेगळ्या वाटा आहेत. पोटकलम २ खाली राष्ट्रपतींच्या आदेशानं कायमचं पीठ होतं, त्यालाच आपण खंडपीठ म्हणतो. पोटकलम ३ खाली मुख्य न्यायमूर्ती राज्यपालांच्या मान्यतेनं दुसऱ्या ठिकाणी न्यायमूर्ती बसवू शकतात. कोल्हापूरचं दुसऱ्या वाटेनं झालं. शिवाय ‘खंडपीठ’ला आणखी एक अर्थ आहे : दोन न्यायमूर्तींनी मिळून एखादं प्रकरण ऐकणं. त्यामुळं ‘कोल्हापूरच्या सर्किट बेंचमध्ये खंडपीठापुढं सुनावणी’ हे वाक्य अगदी बरोबर आहे, पण चावडीवर त्याचा उलगडा करावा लागेल. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे त्याच्या कक्षेत येतात, तेही लिहा.

चावडी
मथळा मग असा ठेवा. वर मोठ्या अक्षरांत ‘कायद्याचे राज्य’, खाली जरा लहान अक्षरांत ‘राज्य कुणावर?’ कागद ए-थ्री घ्या आणि मजकूर दहा फुटांवरून वाचता येईल एवढाच ठेवा. डेसिबलचे आकडे आणि २४ तास पुढच्या बाजूला, शब्दांच्या जोड्या मागं. चावडीवर मात्र मागची बाजू भिंतीला जाते, तिथं दोन प्रती शेजारी शेजारी लावा.