सल्ला हवा: फांद्यांचं पॉलिएस्टर जेल होतंय (टीएमपी + बिस-एमपीए, पुढे डीसीओ म्हणजे निर्जलित एरंडेल तेलाचं फॅटी अॅसिड)

मकरपुरा_रेझिन: वडोदरा. कोटिंगसाठी बनवतोय. टीएमपी (तीन ओएच म्हणजे हायड्रॉक्सिल टोकांचा गाभा), बिस-एमपीए (एक आम्लाचं टोक, दोन ओएच) आणि पीटीएसए (आम्ल उत्प्रेरक) एकदम टाकून 165 अंशांवर ठेवलं की माल ढवळणीवर चढतो. बिस-एमपीएसारखं एबी2 (एक टोक एका जातीचं, दोन दुसऱ्या) जेल होत नाही ना, म्हणजे न वितळणारं जाळं?

विश्वामित्रीकाठ: नुसतं एबी2 होत नाही, रसायनशास्त्रज्ञ फ्लोरीने 1952 मध्येच दाखवलंय. एका रेणूत आम्लाचं टोक फार तर एकच. पण 165 वर पीटीएसए दोन ओएचमध्ये ईथर पाडतं आणि रेणू एकमेकांना बांधले जातात. 140 सोडू नका.

एकदम टाकूही नका, बिस-एमपीए गाभा सोडून आपापसातच जुळतं. टीएमपी 13.4 ग्रॅम, बिस-एमपीए 40.2, पीटीएसए 0.2. नायट्रोजनखाली दोन तास, मग तासभर व्हॅक्यूम, हळूहळू, नाहीतर फेस वर येतो. पाणी 5.4 ग्रॅम निघायला हवं. मग बिस-एमपीए 80.5, पीटीएसए 0.4 आणि तोच क्रम, पाणी 10.8.

सुरुवातीला माल पांढरा, रवाळ दिसतो, कारण बिस-एमपीए 190 च्या आसपास वितळतं. तिथेच लोक आच वाढवतात. थांबा, ते जुळत जुळत विरघळतं आणि माल काचेसारखा होतो.

अलकापुरी_लॅब: अॅसिड व्हॅल्यू (उरलेल्या आम्लाचं माप) 10 च्या खाली आणा. त्यात साधारण 1.5 पीटीएसएचीच असते, ती वजा करा. हायड्रॉक्सिल व्हॅल्यू (ओएचचं माप) हिशेबाने 571 येते. बरीच कमी आली तर ईथर झालंय.

फॅटी अॅसिड घालण्याआधी पीटीएसए निष्प्रभ करा: कॉस्टिक सोडा 0.13 ग्रॅम, थोड्या मिथेनॉलमध्ये, 100 अंशांवर थेंबथेंब, नायट्रोजन चालू आणि जवळ ज्वाला नाही. हे टाळलं तर 200 च्या वर माल काळा पडतो.

मकरपुरा_रेझिन: डीसीओ किती घालू? थोडं थॅलिक चालेल?

अलकापुरी_लॅब: थॅलिक अजिबात नको भाऊ. 12 ओएचच्या रेणूला दोन टोकांचं आम्ल दिलं की थोडक्यातच जाळं होतं. साध्या अल्कीडची (तेल-पॉलिएस्टर रेझिनची) सवय इथे नडते.

डीसीओ फॅटी अॅसिड 224 ग्रॅम, म्हणजे 12 पैकी 8 ओएच. उरलेले 4 मेलामाइनला (कोटिंग कडक करणाऱ्या रेझिनला) लागतात. झायलीन 5 टक्के, डीन-स्टार्क (निघालेलं पाणी वेगळं करणारं उपकरण), 210 अंश, नायट्रोजन. आधी गढूळ दोन थर दिसतील, एस्टर होत गेलं की साफ होतं. पाणी 14.4 ग्रॅम. 220 ओलांडू नका, डीसीओचे संयुग्मी (एकाआड एक असलेले दुहेरी) बंध आपापसात जुळून माल घट्ट होतो.