मदत हवी आहे : बदलत्या सड्याची (कातळाच्या पठाराची) चित्रं काढायची आहेत, शिकू कुठे?

नमस्कार मंडळी,
मी रत्नागिरीजवळची. उपयोजित कलेची पदवी झाली आहे, सध्या लग्नपत्रिका आणि लेबलांची कामं करते. गेले तीन पावसाळे घरामागच्या सड्यावर बसून चित्रं काढतेय. सीतेची आसवं, गेंद, दवबिंदू ही रानफुलं, कातळावरच्या डबक्यातलं शेवाळ. (पावसात कागद वाळत नाही, हे दुःख वेगळंच!) यंदा जून संपताना गेले तर माझ्या नेहमीच्या जागेच्या अर्ध्या भागावर जेसीबी फिरलेला. आंब्याची कलमं लावायला कातळ फोडून वर माती पसरली आहे. बागायतदाराला मी दोष देत नाही, आमचीही कलमं आहेतच. पण माझ्या वहीतली ती डबकी आता फक्त वहीतच उरली.

तेव्हापासून वाटतंय की नुसतं सुंदर फूल काढून भागणार नाही. तीच जागा दरवर्षी कशी बदलते, हे चित्रातून सांगता आलं पाहिजे.

आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात, एम.डेस. (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) करायचं तर सीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, एवढं कळलंय. तिथे किंवा एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) असा विषय प्रकल्पाला घेऊ देतात का? की आधी एखाद्या वनस्पतिशास्त्रज्ञाबरोबर वर्षभर फिरून मापं, छेद, पाकळ्यांची रचना नीट शिकावी? मला दुसरं जास्त पटतं, घरच्यांना अर्थातच पदवी हवी.

आणखी एक, जुन्या चित्रांवर मी तारखा घातल्यात, पण नेमकी जागा नोंदवलेली नाही. आता काय करता येईल?